भाकरीसाठी आलेले

मराठी ख्रिस्ती श्रद्धेविषयी बोलायची वेळ आली की आपल्या साहित्यचर्चेत पाच-सहा नावांची एक ठरलेली माळ ओढली जाते. फादर स्टीफन्स, नीलकंठशास्त्री गोऱ्हे, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक; अलीकडचे एखादे नाव हवेच असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. माळ ओढून झाली की विषय संपला. या मंडळींनी वेद-वेदान्त वाचले होते, वाद घातले होते, रात्र रात्र तळमळून धर्मांतर केले होते (स्टीफन्स आणि दिब्रिटो तर जन्मानेच ख्रिस्ती, पण पांडित्याच्या बळावर तेही माळेत बसतात), म्हणून त्यांची श्रद्धा अस्सल. आणि त्यांच्यामागे उभे असलेले हजारो लोक? नगर जिल्ह्यातले महार, जालन्याकडचे मांग, वसईचे शेतकरी आणि कोळी, केडगावच्या दुष्काळपीडित मुली? त्यांचा उल्लेख आलाच तर आकड्यांत येतो आणि बहुधा एका छद्मी हास्यासह येतो. ते भाकरीसाठी आलेले.

ही विभागणी आम्हाला मान्य नाही. ती अन्याय्य तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती चूक आहे. मराठी मुलखात ख्रिस्ती श्रद्धा अस्सल स्वरूपात कोठे सापडते, असा प्रश्न असेल तर तिचे उत्तर शास्त्र्या-पंडितांच्या वादग्रंथांत शोधून भागणार नाही. ते या 'भाकरीसाठी आलेल्या' लोकांत शोधावे लागेल. आणि माळेतील थोरांचे थोरपणही शेवटी याच लोकांच्या उंबऱ्यावर सिद्ध झाले, हे आम्ही पुढे दाखवणार आहोत.

प्रथम त्या भाकरीचा हिशेब करू. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले व १८३१ साली अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) त्यांनी ठाणे दिले. पुढील दशकांत नगर जिल्ह्याच्या खेड्यांतून मुख्यत्वे महार समाजातील माणसे चर्चमध्ये आली. १८७६ ते ७८ आणि १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत त्यांची संख्या वाढली, हे खरे आहे. ते लपवण्याचे कारण नाही. मिशनने धान्य दिले, कामे काढली, अनाथ मुलांना वसतिगृहांत घेतले, हेही खरे. यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून पाहण्यासारखा आहे: ज्या अर्थी भूक होती, त्या अर्थी श्रद्धा नव्हती.

हाच न्याय इतरांना लावून पाहावा. नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराची कथा प्रत्येक मराठी वाचकास ठाऊक आहे. नागपुराहून राजनांदगावास जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला, बोलणे झाले, त्याने नव्या कराराची प्रत हाती ठेवली, आणि १८९५ साली मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. या कथेत एक तपशील असतो, पण तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. टिळक राजनांदगावास नोकरीच्या शोधात चालले होते. म्हणजे तेही पोटाच्याच कामासाठी निघाले होते. म्हणून टिळकांच्या श्रद्धेवर शंका घ्यावी काय? मुळीच नाही. पोटाच्या वाटेवर देव भेटू शकतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. मग जे टिळकांना रेल्वेत घडू शकते, ते नेवाशाच्या एखाद्या महाराला दुष्काळी कामावर का घडू शकत नाही? रेल्वेतील संभाषण तेवढे तत्त्वचिंतन आणि खडी फोडताना झालेले संभाषण मात्र लाच, हा भेद कोणत्या तर्कशास्त्रात बसतो? तो तर्कशास्त्रात बसत नाही. जातीच्या उतरंडीत मात्र चपखल बसतो.

ज्या धर्माविषयी ही चर्चा आहे, त्या धर्माचे मूळ ग्रंथ या बाबतीत काय सांगतात, हेही आक्षेपकांनी एकदा उघडून पाहावे. मत्तयाच्या शुभवर्तमानात एक कनानी स्त्री येशूच्या मागे लागते. तिला तत्त्वज्ञान नको असते. तिची मुलगी बरी व्हावी, एवढेच तिचे मागणे. येशू तिला आधी झिडकारतो आणि शेवटी तिचा विश्वास मोठा असल्याचे सांगतो. रोमी शताधिपती आपल्या चाकरासाठी येतो. रक्तस्रावाने पिडलेली बाई गर्दीतून वस्त्राच्या टोकाला हात लावते. शुभवर्तमानांत ज्यांच्या विश्वासाची वाखाणणी झाली, त्यांतील बहुतेक जण काही तरी मागायलाच आलेले होते. योहानाच्या सहाव्या अध्यायात लोक भाकरी खाऊन तृप्त झाले म्हणूनच मागे आले, असे येशू त्यांना तोंडावर सांगतो. परंतु ती भाकरी त्याने आधी दिलेली असते आणि दिल्याबद्दल पश्चात्ताप केलेला नसतो. ख्रिस्ती माणूस रोज जी प्रार्थना म्हणतो, तिच्यात रोजच्या भाकरीची मागणी पापांच्या क्षमेआधी येते. म्हणजे 'भाकरीचे ख्रिस्ती' हे ख्रिस्ती परंपरेला लागलेले लांच्छन असेल, तर ते पहिल्या शतकापासूनचे आहे, आणि त्याची सुरुवात खुद्द संस्थापकाने केलेली आहे.

या संशयाचा सगळा दोष धर्मांतराच्या विरोधकांच्या पदरात टाकणे सोपे जाईल. पण न्याय तसा होणार नाही. गरिबाच्या श्रद्धेवर पहिला संशय मिशनऱ्यांनीच घेतला. मुंबईत जॉन विल्सन यांच्यासारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांची सारी आशा उच्चवर्णीय, सुशिक्षित तरुणांवर होती. १८३९ साली दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा शहरात केवढा गहजब उडाला! मिशनच्या लेखी मात्र तो मोठाच विजय होता. वरचा थर बाटला की खालचे आपोआप येतील, हा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात वरून थेंब-थेंब गळत राहिले आणि पूर आला तो खालून. तो आला तेव्हा मिशनऱ्यांची तारांबळ उडाली. यांचे हेतू शुद्ध आहेत काय, यांना थांबवून ठेवावे काय, यावर त्यांचा काथ्याकूट बरीच वर्षे चालला. अखेर मेथडिस्ट मिशनरी वॉस्कम पिकेट यांनी भारतातील सामुदायिक धर्मांतरांचा प्रत्यक्ष गावोगावी जाऊन अभ्यास केला आणि तो १९३३ साली प्रसिद्ध केला. त्याचे सार असे, की माणूस आला कोणत्या हेतूने यावरून तो पुढे कसा ख्रिस्ती झाला हे सांगता येत नाही. सांसारिक कारणांनी आलेले आणि आध्यात्मिक कारणांनी आलेले यांच्या पुढील धर्माचरणात अपेक्षेइतके अंतर त्यांना आढळले नाही. फरक पडत होता तो नंतर त्यांना कोणी शिकवले, कोणी सांभाळले यामुळे. हा निष्कर्ष येऊन नव्वद वर्षे उलटली. आमच्या साहित्यचर्चेपर्यंत तो अजून पोहोचलेला दिसत नाही.

संशयाची ही परंपरा मिशनऱ्यांकडून राष्ट्रीय चळवळीकडे आली आणि तेथून कायद्यात उतरली. १९३६ साली जॉन मॉट यांच्याशी झालेल्या संवादात गांधीजींनी हरिजनांना धर्मोपदेश करण्याची तुलना गाईला उपदेश करण्याशी केली. गांधीजींचा हेतू वाईट नव्हता, हे आम्ही मान्य करतो. गाय हे त्यांच्या मनात निंदेचे प्रतीक नव्हते, हेही मान्य. पण त्या उपमेचा अर्थ टळत नाही. धर्माधर्म पारखण्याची कुवत या माणसांपाशी नाही, असाच तो अर्थ आहे. ज्या देशात चोखामेळ्याचे अभंग सहाशे वर्षे गायले गेले, त्या देशात हे म्हटले गेले, याचे आश्चर्य करावे तितके थोडेच. १९६७ साली ओरिसाने धर्मस्वातंत्र्याच्या नावाने कायदा केला. त्यात बळाने, प्रलोभनाने वा फसवणुकीने धर्मांतर घडवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. परंतु धर्मांतरित व्यक्ती अज्ञान बालक, स्त्री अथवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दोन वर्षांपर्यंत. वाचकांनी ही रांग नीट पाहावी. बालक, स्त्री, दलित, आदिवासी. वकील बाटला तर एक वर्ष आणि त्याची वकील पत्नी बाटली तर दोन! १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनेशी सुसंगत ठरवला आणि पुढे अनेक राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. हेतू संरक्षणाचा आहे, असे सांगण्यात येते. ज्याला संरक्षण द्यायचे त्याला आधी अजाण ठरवावे लागते, हे सांगण्यात येत नाही.

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहू, कारण या वादातील खरा विनोद (आणि खरी क्रूरता) तेथे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूंखेरीज अन्यधर्मीयास अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. १९५६ साली शिखांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी त्यात दुरुस्ती झाली. ख्रिस्ती व मुसलमान वगळलेले राहिले. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला जोडे शिवणाऱ्या एका ख्रिस्ती माणसाने, आपल्या शेजारच्या हिंदू चर्मकारास सरकारी टपरी मिळते ती आपल्याला का नाही, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८५ साली निकाल त्याच्या विरुद्ध गेला. धर्मांतरानंतरही जातीचे जाच तितक्याच तीव्रतेने टिकून असल्याचे सिद्ध करा, असे त्याला सांगण्यात आले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. २०२२ साली के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतील एका स्त्रीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा व चर्चमधील नियमित उपस्थिती यांकडे बोट दाखवून तिला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला, आणि केवळ आरक्षणासाठी श्रद्धेवाचून केलेले धर्मांतर म्हणजे घटनेची फसवणूक होय, असे सांगितले.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. दलित माणूस चर्चमध्ये शिरताना त्याची श्रद्धा खोटी असते; ती प्रलोभनाने विकत घेतलेली असते. तोच माणूस दाखल्यासाठी कचेरीत उभा राहिला की त्याची श्रद्धा एकाएकी इतकी अस्सल ठरते, की तिने त्याची तीन हजार वर्षांची जात एका बाप्तिस्म्यात धुऊन टाकलेली असते! आत जाताना ती खोटी आणि बाहेर उभे राहताना ती खरी. काहीतरी मिळाले म्हणून ती खोटी. काहीतरी काढून घ्यायचे म्हणून ती खरी. श्रद्धेचे असे दुहेरी वजन-माप ठेवणाऱ्या दुकानाला आमच्या भाषेत काय म्हणतात, ते वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मग अस्सलपणाची कसोटी कोणती? आमची कसोटी साधी आहे आणि ती कोणत्याही शेतकऱ्याला पटेल. बी कोणत्या भावाने घेतले यावरून पीक ठरत नाही. दुष्काळात ते तगले काय, यावरून ठरते. भाकरीसाठी आलेला माणूस भाकरी संपल्यावर निघून जायला हवा होता. मिशनचे दुष्काळी धान्य कधीच संपले. १९४७ नंतर परदेशी मिशनरी हळूहळू परतले, मिशनच्या शाळा-दवाखान्यांची रया गेली. १९५० नंतर तर हिशेब उलटा झाला; ख्रिस्ती राहण्यात लाभ नव्हे, रोकडा तोटा होता. शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव मतदारसंघ, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण, हे सारे ख्रिस्ती म्हणून नोंद होताच हातचे जात होते. काही जण परत फिरले. काहींनी कागदावर एक आणि घरात एक असे दोन धर्म ठेवले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आम्हाला कळत नाही. पण असंख्य माणसे राहिली. तीन-तीन, चार-चार पिढ्या राहिली. लाच घेऊन आलेला माणूस उलट दंड भरत सत्तर वर्षे थांबतो, असे उदाहरण लाचलुचपतीच्या इतिहासात दुसरे कोणाला ठाऊक असेल तर त्याने ते अवश्य मांडावे.

आता साहित्याकडे वळू, कारण आमचे मुख्य भांडण तेथे आहे. माळेतील थोरांची श्रद्धा अस्सल आणि जनसामान्यांची दुय्यम, या समजुतीला त्या थोरांचे ग्रंथच साक्ष देत नाहीत. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'चे आपण गोडवे गातो ते त्याच्या भाषेसाठी. पण ते पुराण निर्माण कसे झाले? जुनी पुराणे बंद झाली, आता आम्ही वाचायचे-ऐकायचे काय, या एका नवख्रिस्ती श्रोत्याच्या विचारण्यातून ते निघाल्याचे पुराणाच्या आरंभीच सांगितले आहे. विचारणारा ब्राह्मण होता, हे खरे. पण विचारणा आपल्या गावकीसाठी होती, वादविवादासाठी नव्हे. म्हणजे मराठीतील पहिल्या थोर ख्रिस्ती ग्रंथाचे बीज पाद्र्याच्या प्रतिभेइतकेच श्रोत्याच्या भुकेत आहे. आमच्या वाङ्मयेतिहासांनी पाद्र्याचे चरित्र लिहिले; श्रोत्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

पंडिता रमाबाईंचे पाहा. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली 'सरस्वती' ही पदवी. या विदुषीला ख्रिस्ताकडे कशाने ओढले? तिने स्वतःच 'माझी साक्ष' या निवेदनात ते सांगून ठेवले आहे. इंग्लंडातील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना माणसासारखे वागवत होत्या, ते तिने पाहिले. असे का, म्हणून विचारले, तेव्हा तिला शोमरोनी स्त्रीची कथा ऐकवण्यात आली. आपल्या शास्त्रांत जिला थारा नाही तिला येथे थारा आहे, हे तिला त्या साध्या कामातून उमगले. १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर इंग्लंडातल्या धर्मपंडितांशी तिचे त्रैक्यावरून आणि आज्ञाधारकतेवरून वाद झाले, ते प्रसिद्ध आहेत आणि त्यांवर प्रबंध लिहिले जातात. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात तिने मध्य प्रांतातून सुमारे ३०० उपाशी मुली आणि विधवा आणल्या, केडगावास मुक्तिसदन वाढले, आणि जून १९०५ मध्ये त्याच मुलींमध्ये जे प्रार्थनेचे भरते आले, त्यावर मराठीत किती लिहिले गेले? हुंदके देऊन, मोठमोठ्याने प्रार्थना करणाऱ्या या निरक्षर मुली आमच्या विवेकवादी समीक्षेला अडचणीच्या वाटतात. रमाबाईंना त्या तशा वाटल्या नाहीत. हिब्रू-ग्रीक शिकून तिने पुढे जे बायबलचे भाषांतर केले, ते अशाच वाचणारणींसाठी, सोप्या मराठीत. आणि १९२४ साली, तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे खिळे जुळवणारे आणि छापणारे हात मुक्तिसदनातल्या स्त्रियांचेच होते. पंडितेच्या विद्येचे अखेरचे प्रयोजन काय होते, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

आणि 'स्मृतिचित्रे'? १९३४ पासून भागशः निघालेल्या या पुस्तकाला मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणताना सारे एकमुखी असतात. त्यातला विनोद वाखाणतात, प्रसन्नता वाखाणतात, टिळकांचा विक्षिप्तपणा रंगवून सांगतात. लक्ष्मीबाईंची श्रद्धा मात्र टिळकांच्या श्रद्धेची गोड पुरवणी म्हणून वाचली जाते. आमच्या मते गोष्ट उलटी आहे. टिळकांनी धर्म बदलला तो वाचून. लक्ष्मीबाईंनी बदलला तो जगून. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर ही बाई वर्षानुवर्षे सोवळे सांभाळत राहिली. पाणी कोणाच्या हातचे, अन्न कोणाच्या हातचे, या प्रश्नांशी झुंजत राहिली. आणि जातिभेद हा देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे तिला उमगले तेव्हा तो तिच्यासाठी सिद्धान्त राहिला नाही. स्वयंपाकघराची व्यवस्था झाला. शिवाशिवीचा प्रश्न ज्या बाईने ताटात सोडवला, तिची श्रद्धा अभंगात सोडवणाऱ्याहून कमी अस्सल कशी? खुद्द टिळकही आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या वाटेने, असे सांगत. तो तुकोबा काही धर्मपीठावरचा आचार्य नव्हता. आणि १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तोही चर्चच्या भिंतीबाहेरच्या माणसांसाठीच.

सत्ता गेल्यावर श्रद्धेचे काय होते, हेही या मुलखाने दोनदा पाहिले आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज अंमल संपला. ज्या तलवारीने ख्रिस्ती केले असे म्हणतात ती तलवारच गेली, तर लोकांनी परत फिरायला काय हरकत होती? फिरले नाहीत. एतद्देशीय पाद्री आणि गावकरी यांनी साष्टी-वसईची चर्चे मराठ्यांच्या राज्यात चालू ठेवली. गोव्यात याच्या उलटे घडले. तेथे सत्ता राहिली, आणि त्या ख्रिस्ती सत्तेनेच १६८४ साली लोकांना तीन वर्षांत आपली बोली सोडण्याचा हुकूम दिला. लोकांनी हुकूम ऐकून घेतला, आणि प्रार्थना कोकणीतच म्हणत राहिले. संध्याकाळच्या तेर्साने आणि वाटेवरच्या क्रुसापुढील लादाईनीने जे जपले, ते राजाज्ञेला मोडता आले नाही. एके ठिकाणी सत्ता गेली तरी श्रद्धा राहिली. दुसरीकडे सत्तेच्या नाकावर टिच्चून राहिली. दोन्ही ठिकाणी जपणारी माणसे तीच, बिननावाची.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सामान्य माणसाचे हे दैवतीकरण नव्हे काय? सामान्य ख्रिस्ती माणूस जातही पाळतो. नगरच्या खेड्यांत महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात अंतर राहिले. दक्षिणेत तर दफनभूमीत भिंती उभ्या राहिल्या. धर्मांतरित अस्पृश्य आपल्यावरील अन्यायाविरुद्ध झगडत नाही, अशी कठोर टीका खुद्द डॉ. आंबेडकरांनी केली होती. हे सगळे आम्हाला मान्य आहे. सामान्य माणूस निष्पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. निष्पापपणा ही अस्सलपणाची अट असती तर पेत्रही बाद झाला असता. कोंबडा आरवण्याआधी तो तीनदा नाकबूल झाला होता. आमचे म्हणणे एवढेच, की श्रद्धेची खरी लढाई जेथे चालते ती जागा ही आहे. जात सोडणे हा पंडिताला एक युक्तिवाद असतो. खेड्यातल्या माणसाला तो पाणवठा, सोयरीक आणि स्मशान असतो. तेथे तो हरतो तेव्हा ते हरणे खरे असते, आणि जिंकतो तेव्हा जिंकणे खरे असते. हरल्याच्या नोंदी टीकाकारांनी चोख ठेवल्या आहेत. जिंकल्याच्या नोंदी कोणी ठेवल्या?

त्या ठेवल्या गेल्या नाहीत, हेच आमच्या रागाचे कारण आहे. गावोगाव पायी हिंडून बायांना वाचायला शिकवणाऱ्या 'बायबल बाया' मिशनच्या अहवालांत पगाराच्या रकान्यात सापडतात, वाङ्मयाच्या इतिहासात नाहीत. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी वीणा-चिपळ्यांसह येशूचे आख्यान लावले; मराठी कीर्तनपरंपरेच्या अभ्यासात त्यांना जेमतेम तळटीप मिळते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावी दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. तेथे येणारा माणूस मरियेला 'माउली' म्हणतो, नवस बोलतो, डोक्यावर गाठोडे घेऊन चालतो, आणि त्याच्या शेजारून चालणारा पुष्कळदा ख्रिस्तीही नसतो. या एका शब्दात, 'माउली'त, ज्ञानदेवांपासून नाझरेथपर्यंतचा जो पूल बांधला गेला, तो कोणा पंडिताने आखलेला नव्हता. १८४२ साली निघालेल्या 'ज्ञानोदया'च्या अंकांत खेड्यांतून आलेला मजकूर पडून आहे. त्याच अंकांत १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला गेला, आणि त्यात तिने विचारले होते की ब्राह्मणांना वेद आहेत, आमचा धर्मग्रंथ कोणता? चौदा वर्षांच्या मुलीने विचारलेला हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही धर्मवादाहून खोल आहे. ती ख्रिस्ती नव्हती. पण ज्यांनी या प्रश्नाचे एक उत्तर स्वतःपुरते शोधले, त्यांना 'भाकरीसाठी गेले' असे म्हणणाऱ्याने आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

तेव्हा आमची मागणी दोन प्रकारची आहे. राज्यसंस्थेकडे आम्ही मागतो ते एवढेच, की गरिबाच्या श्रद्धेचे वजन करण्याचा तराजू तिने खाली ठेवावा. माणूस कोणाला हात जोडतो यावरून त्याचे शोषण ठरत नाही. ते त्याच्या वस्तीत जाऊन पाहावे लागते. साहित्याच्या आणि समीक्षेच्या जगाकडे मागणे अधिक आहे. माळ पुरे झाली. आता मंडळीची हस्तलिखित भजने, आजीने पाठ म्हटलेली स्तोत्रे, उपदेशकांच्या रोजनिशा, वसईच्या लग्नगीतांतील संत, कबरीवरच्या दोन ओळी, हे सारे गोळा करावे आणि साहित्य म्हणून वाचावे. ते ओबडधोबड असेल, तर ओबडधोबड म्हणून वाचावे. पण वाचण्याआधीच ते विकत घेतलेले आहे, असा शिक्का मारू नये.

भूक लागलेली असताना माणूस देवाला हाक मारतो, यात भुकेची लाज नाही आणि देवाचीही नाही. लाज वाटावी ती पोट भरलेल्यांना. कारण ती हाक खरी की खोटी, हे ठरवण्याचे काम त्यांनी कोणी न सांगता आपल्याकडे घेतले आहे.